निम्म्याचा हिशेब

आमच्या घरात पत्र्याची एक जुनी पेटी आहे. तिच्यात सातबाऱ्याचे उतारे, लग्नपत्रिका, वीजबिले यांच्याबरोबर शाळा सोडल्याचे तीन दाखले आहेत. पहिला वडिलांचा, १९५२ सालचा. ते मावळातल्या एका खेड्यात शिकले. त्यांच्या दाखल्याच्या माथ्यावर ‘डिस्ट्रिक्ट स्कूल बोर्ड, पुणे’ असे छापले आहे. दुसरा माझा, १९७९चा. मी चौथी झालो ती रहाटणीत आणि दाखल्यावर शिक्का जिल्हा परिषदेचा. तिसरा माझ्या पुतणीचा, १९९६चा. शाळा माझीच, वर्गही बहुधा तोच. शिक्का मात्र पिंपरी चिंचवड महानगरपालिकेच्या शिक्षण मंडळाचा.

बरीच वर्षे हे तीन शिक्के मला केवळ कचेऱ्यांची नावे वाटत होती. पुढे नोकरी सांभाळून स्थानिक इतिहासाची कागदपत्रे वाचायची सवय लागली. राजपत्रे, अहवाल, अर्थसंकल्पाची पुस्तके मिळतील तिथून वाचली. शिक्षण इतिहासाचे घेतलेले नाही, त्यामुळे वाट चुकतमाकतच सापडत गेली. तेव्हा लक्षात आले की शिक्का बदलतो तेव्हा मास्तरांचा पगार कोण देणार हेही बदलते. १९७९ साली माझ्या गुरुजींचा पगार राज्य सरकारच्या अनुदानातून होत होता. १९९६ साली पुतणीच्या बाईंच्या पगारातला निम्मा वाटा राज्याचा होता, निम्मा महापालिकेचा. मधल्या काळात शाळा जागची हललेली नव्हती. पवना नदीही तिथेच होती. गावाला फक्त शहर म्हणू लागले होते.

हा ‘निम्मा’ आला कुठून, हा या लेखाचा प्रश्न आहे.

एक आणा आणि एक गाऱ्हाणे

मुंबई इलाख्यात १८६०च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा असा स्थानिक कर, म्हणजे लोकल फंड, सुरू झाला. १८६९च्या कायद्याने त्याला पक्के रूप मिळाले. या पैशाचा तिसरा हिस्सा शाळांसाठी आणि उरलेला मुख्यतः रस्त्यांसाठी, अशी वाटणी होती. खेड्यापाड्यांतल्या सरकारी मराठी शाळा वाढल्या त्या या आण्यावर. कर भरणारा शेतकरी होता. शहरातल्या दुकानदाराला, वकिलाला, सरकारी नोकराला तो लागू नव्हता. त्यामुळे खेड्याच्या पैशावर शहराच्या शाळा चालतात, अशी तक्रार त्या काळी होऊ लागली आणि ती खोटी नव्हती.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोग आला. जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्याच्यापुढे आपले निवेदन सादर केले. रयतेच्या घामातून सरकारचा महसूल उभा राहतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे त्यातले गाऱ्हाणे सर्वांना माहीत आहे. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणीही पाठ्यपुस्तकांत येते. त्याच निवेदनातला एक मुद्दा मात्र फारसा कोणी सांगत नाही. मोठ्या शहरांतल्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा सगळा खर्च सोसावा, पण त्या शाळांचा कारभार पूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नये, त्यावर शिक्षण खात्याची देखरेख असावी, असे फुल्यांचे म्हणणे होते.

फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्यांनी नगरपालिका आतून पाहिली होती. शहराकडे पैसा आहे, म्हणून शहराने भरावे. पण पालिकेत बसणाऱ्यांना शूद्रातिशूद्रांच्या मुलांची पर्वा असेलच असे नाही, म्हणून लगाम सरकारकडे असावा. एका वाक्यात दोन अविश्वास आहेत आणि दोन्ही अनुभवातून आलेले आहेत. पुढची सव्वाशे-दीडशे वर्षे आपण या दोहोंतला पहिला भाग पाळला आणि दुसऱ्याशी खेळत राहिलो.

दोन तृतीयांश की निम्मा

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यांनीही पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळलेले होते, तेव्हा स्थानिक संस्थेच्या तिजोरीची खोली त्यांना ठाऊक होती. सक्तीच्या शिक्षणाचा एक तृतीयांश खर्च स्थानिक संस्थेने आणि दोन तृतीयांश सरकारने करावा, असे त्यांनी सुचवले. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला. त्याने नगरपालिकांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली. करायचे की नाही, हे पालिकेने ठरवायचे होते.

निम्म्याची गोष्ट ठळकपणे येते ती १९२३च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यात. सक्तीच्या योजनेमुळे जो जादा खर्च वाढेल त्याचा दोन तृतीयांश भाग जिल्हा लोकल बोर्डांना आणि निम्मा भाग नगरपालिकांना सरकारने द्यावा, असे ठरले. गोखल्यांचा दोन तृतीयांश खेड्यांच्या वाट्याला आला, शहरांच्या नाही. त्यामागचा विचार साधा होता आणि त्या काळापुरता चुकीचाही नव्हता. शहराकडे जकात आहे, घरपट्टी आहे, व्यापार आहे. खेड्याकडे शेतसाऱ्यावरच्या आण्यापलीकडे काही नाही. ज्याच्याकडे आहे त्याने जास्त भरावे.

स्वातंत्र्याच्या वर्षी मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ आला. वडिलांच्या दाखल्यावरचे स्कूल बोर्ड या कायद्याखालचे. १९६२च्या मे महिन्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यांतल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. गुरुजींच्या पगाराचा भार राज्याने उचलला. महानगरपालिकांच्या बाबतीत मात्र निम्म्याचीच रीत चालू राहिली. शिवाय १९४९च्या महानगरपालिका कायद्याने प्राथमिक शाळा चालवणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. माध्यमिक शाळा ऐच्छिक. मनात आले तर काढा.

गाव शहर होते तेव्हा

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी घेतल्या, मागोमाग टेल्को आणि बजाज आल्या. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली, तेव्हा सांगवी, थेरगाव, पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर यांच्याबरोबर आमची रहाटणीही आत गेली. गावात तेव्हा पाणी आणि रस्ते येणार याची चर्चा होती. शाळेच्या शिक्क्याची चर्चा झाल्याचे मला आठवत नाही.

ही महापालिका पुढे आशियातली श्रीमंत पालिका म्हणून मिरवू लागली. त्या श्रीमंतीचे मूळ जकात नाक्यावर होते. कारखान्यात जाणारे पोलाद, रबर, सुटे भाग यांनी भरलेल्या ट्रकांची नाक्यावर रांग लागे आणि पालिकेची तिजोरी भरे. १९२३च्या कायद्याने मनात धरलेले ‘पैसेवाले शहर’ पाहायचे असेल तर ते हेच. मग निम्मा वाटा पालिकेने दिला तर बिघडले कुठे?

मीही बरीच वर्षे असेच म्हणत असे आणि त्यात काही खरेपण आहे. आमच्या पालिकेने शाळांच्या इमारती बांधल्या. गणवेश, वह्या, दप्तरे दिली. मराठीबरोबर उर्दू, हिंदी आणि इंग्रजी माध्यमाचे वर्ग काढले. शंभरावर प्राथमिक शाळा चालवणे हे लहान काम नाही. पैशाअभावी शाळा बंद पडली, असे इथे कोणी म्हणू शकत नाही.

पण कारखाने ज्या वेगाने पैसा आणत होते त्याच वेगाने माणसे आणत होते. १९९१च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पाच लाखांवर होती, २००१ मध्ये दहा लाखांवर, २०११ मध्ये सतरा लाखांवर. ही माणसे लातूर, बीड, उस्मानाबाद, नांदेडहून आली, विदर्भातून आली, उत्तर कर्नाटकातून, बिहारमधून, उत्तर प्रदेशातून आली. काहींना कंपनीत कायमची नोकरी मिळाली. त्यांची मुले लवकरच खाजगी इंग्रजी शाळेत गेली. बाकीचे कंत्राटावर राहिले, बांधकामावर राहिले, गुंठेवारीतल्या चाळीत भाड्याने राहिले. त्यांच्या बायका पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत धुण्याभांड्याची कामे करू लागल्या. पालिकेच्या शाळेत उरली ती यांची मुले.

म्हणजे १९२३ साली शहर आणि खेडे असा जो भेद धरला होता तो उलटा झाला. दुष्काळी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतला मुलगा बापाबरोबर रहाटणीला आला की त्याच्या शिक्षकाच्या पगारातला राज्याचा वाटा निम्म्यावर येतो. मुलगा तोच, गरिबी तीच. उलट गावाकडे निदान स्वतःचे छप्पर होते. सरकारी हिशेबात मात्र तो आता श्रीमंत शहराचा रहिवासी झाला.

सारखा निम्मा, असमान शहरे

आमच्या शहरापुरते हे निभावले, कारण तिजोरी भरलेली होती. हाच नियम मालेगाव आणि भिवंडीला लावून पाहा. यंत्रमागांची ही दोन्ही गावे २००१च्या डिसेंबरात महानगरपालिका झाली. महानगरपालिका या एका शब्दामुळे ती पिंपरी-चिंचवडच्या पंगतीत बसली. ताटे सारखी, पण घरून काय आणायचे ते ज्याचे त्याचे. शहरात किती गरीब मुले आहेत, दरडोई कर किती जमतो, हे निम्म्याचे सूत्र विचारत नाही.

दुसरी अडचण संचमान्यतेची. शाळेत शिक्षक किती मंजूर करायचे हे पटावर ठरते. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक वर्गांत साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक. नियम म्हणून तो चांगलाच आहे. पण ज्या शाळेतली मुले बापाचे कंत्राट संपले की वस्ती बदलतात, ज्या शाळेत दिवाळीनंतर निम्मे चेहरे नवे असतात, तिथे एका ठराविक दिवसाचा पट शाळेचे खरे काम दाखवत नाही. नव्याने आलेल्या, दुसरी भाषा बोलणाऱ्या, मधली दोन वर्षे बुडालेल्या मुलाला शिकवायला जास्त वेळ लागतो. तो जास्तीचा वेळ कोणत्याच रकान्यात बसत नाही.

राज्यघटनेतही याची एक खूण सापडते. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसह शिक्षण, असा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच काळात ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची आली. तिच्यात शाळा हा शब्दच नाही. सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना, एवढाच मोघम उल्लेख आहे. खेड्याला शाळा हवी हे गृहीत धरले गेले. शहराला नाट्यगृह आणि उद्यान यांच्या ओळीत बसवले गेले.

न्यू जर्सीचा खटला

ज्या सुमारास रहाटणी महापालिकेत गेली त्याच सुमारास, १९८१ साली, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एक खटला दाखल झाला. कॅमडेन, जर्सी सिटी अशा गरीब औद्योगिक शहरांतल्या मुलांच्या वतीने तो होता. तिकडे शाळेचा पैसा मुख्यतः त्या त्या भागाच्या मालमत्ता करातून येतो. श्रीमंत उपनगराची घरे महाग, म्हणून कर जास्त, म्हणून शाळा चांगली. कारखाने बंद पडलेल्या शहरात सगळे याच्या उलट.

त्याआधी १९७३ साली टेक्सासमधल्या अशाच एका प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही विषमता राज्यघटनेविरुद्ध नाही असे ठरवले होते. न्यू जर्सीच्या मुलांनी म्हणून आपल्या राज्याच्या घटनेचा आधार घेतला. ‘अ‍ॅबट विरुद्ध बर्क’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात १९९० साली तिथल्या न्यायालयाने सांगितले, की गरीब शहरांतल्या मुलामागे होणारा खर्च श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीला आला पाहिजे आणि ती जबाबदारी राज्याची आहे. इतकेच नव्हे, गरीब मुलांच्या गरजा जास्त आहेत म्हणून त्यांना वर आणखी काही द्यावे लागेल. १९९८ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बालवर्गही त्यात आले. अशा शहरी शाळा-जिल्ह्यांची संख्या पुढे एकतीस झाली.

तिथले सगळे प्रश्न सुटले असा याचा अर्थ नाही. राजकीय भांडणे बराच काळ चालू राहिली. मला महत्त्वाची वाटते ती प्रश्नाची मांडणी. तिथे विचारले गेले, की एका मुलामागे दुसरीकडे किती खर्च होतो आणि याच्यामागे किती. आपल्याकडे २००२च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. २००९चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. टेक्सासच्या मुलांना जे मिळाले नव्हते ते आपल्या मुलांना कागदावर मिळाले. पण पैशाच्या बाबतीत केंद्र आणि राज्य यांची सामायिक जबाबदारी, यापुढे त्या कायद्याने गरीब शहराकडे वेगळे पाहिले नाही.

नाका गेला, निम्मा राहिला

आता त्या जकात नाक्याकडे परत येतो. पिंपरी-चिंचवडची जकात १ एप्रिल २०१३ रोजी बंद झाली आणि स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. १ जुलै २०१७ला वस्तू व सेवा कर आला आणि उरलेलेही संपले. तेव्हापासून राज्य सरकार महापालिकांना नुकसानभरपाई देते. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून तिच्यात दरवर्षी आठ टक्के वाढ, असे तिचे सूत्र आहे.

शहराकडे स्वतःची जकात आहे, म्हणून शहराने शाळेचा निम्मा खर्च करावा, हा मूळ युक्तिवाद होता. ती जकात आता नाही. पालिका आपल्या हिश्शाचा निम्मा भरते त्यातही मोठा भाग राज्याकडून आलेल्या भरपाईचा असतो. मिळकतकर उरला आहे, बांधकाम परवानग्यांचे शुल्क आहे. ते नाही असे मी म्हणत नाही. पण नियमाचे कारण संपल्यावर नियम तपासावा लागतो, आणि हा तपासला गेलेला मला दिसत नाही.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली. २०१३ नंतरच्या कायदेबदलात नगरपालिका-महानगरपालिकांची शिक्षण मंडळे गेली आणि त्यांचे काम पालिकेच्या शिक्षण विभागाकडे आले. मंडळांविषयी लोकांची तक्रार होती, खरेदीवरून वाद होते. त्यांचे जाणे अनेकांना बरे वाटले. तरीही शाळा या एकाच विषयासाठी बसणारी एक सभा त्यांच्याबरोबर गेली. फुल्यांच्या दुसऱ्या अविश्वासाला उत्तर म्हणून काय उभे राहिले, हे मी अजून शोधतो आहे.

आणि मध्यमवर्ग? तो केव्हाच निघून गेला. मी कोणाकडे बोट दाखवत नाही; माझा मुलगाही खाजगी शाळेतच शिकला. पुतणी आमच्या घरातली पालिकेच्या शाळेतली शेवटची. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला पंचवीस टक्के राखीव जागांतून सूट दिली, तेव्हा पालकांनी न्यायालय गाठले आणि जुलैत उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. निकाल योग्यच होता. पण त्या दिवसांत मला एकच गोष्ट सलत होती. पालिकेच्या शाळेत पाठवावे लागू नये म्हणून भांडणारे पालक होते. पालिकेच्या शाळेला पूर्ण पगार, पुरेसे शिक्षक मिळावेत म्हणून न्यायालयात गेलेला कोणी माझ्या ओळखीत नव्हता. जो मागू शकतो तो त्या शाळेत नाही आणि जो त्या शाळेत आहे त्याला रजा टाकून मागायला येणे परवडत नाही.

यावर माझे म्हणणे मोठे नाही. शहराचे नाव बघून वाटा ठरवू नये, शाळेतली मुले बघून ठरवावा. ज्या पालिकेत गरीब आणि स्थलांतरित मुलांचे प्रमाण जास्त, तिथे राज्याचा हिस्सा जास्त. ज्या शाळेत वर्षाच्या मध्यावर मुले येतात, तिथे जादा शिक्षक. पैसा देताना हिशेब मागावा, आणि तो प्रत्येक शाळेच्या भिंतीवर पालकांना वाचता येईल अशा मराठीत लावावा. १८८२च्या निवेदनात याहून फार वेगळे काही नव्हते.

यंदा पावसाळ्यात आमच्या शेजारच्या इमारतीच्या रखवालदाराची बायको मुलीला घेऊन आली. नांदेडकडचे कुटुंब, येऊन महिना झाला होता. जुन्या शाळेचा दाखला आणलेला नव्हता आणि दाखल्याशिवाय घेतील का, हे तिला विचारायचे होते. दाखला नाही म्हणून शाळा नाकारू शकत नाही, कायदा तसाच आहे, असे मी सांगितले आणि बरोबर गेलो. बाईंनी काही खळखळ न करता नाव लिहून घेतले. वर्गात बाके भरलेली होती. मुलगी दोघींच्या मध्ये सरकून बसली.

दाखला मागवून घेऊ, असे बाई म्हणाल्या. तो येईल तेव्हा त्यावर जिल्हा परिषदेचा शिक्का असेल, माझ्या दाखल्यावर आहे तसाच. हजेरीपत्रकात त्या दिवशी एक नाव वाढले. तिच्या गावच्या गुरुजींचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो, इथल्या बाईंचा निम्माच. उरलेल्या निम्म्याचा हिशेब तिच्याकडून कोणी मागणार नाही, आणि सरकारकडे तो मागण्याइतकी ती अजून मोठी झालेली नाही.